वस्तू गेली, हे कळायला किती दिवस लागतात?

२१ ऑगस्ट १९११, सोमवार. पॅरिसचं लूव्र त्या काळी सोमवारी बंद असे. त्या सकाळी एका माणसाने मोनालिसा भिंतीवरून उतरवली, चौकटीतून सोडवली आणि बाहेर नेली. लूव्रमधल्या चित्रांना काचा बसवायच्या कामावर तो पूर्वी होता, त्यामुळे चित्र भिंतीवरून कसं निघतं हे त्याला पाठ होतं. रिकामी जागा लोकांच्या नजरेला पडली होती. पण चित्र फोटो काढायला नेलं असेल, असं समजून जो तो पुढे गेला. मंगळवारी एक चित्रकार तिथे कामाला बसला. त्याने पहारेकऱ्याच्या मागे लागून चौकशी करायला लावली, तेव्हा बोभाटा झाला. चित्र हाती लागलं ते डिसेंबर १९१३ मध्ये, फ्लॉरेन्सला.

फोटोसाठी नेलेल्या प्रत्येक चित्राच्या जागी सही-शिक्क्याची चिठ्ठी लावायची पद्धत तिथे असती, तर चिठ्ठी नसलेली रिकामी जागा सोमवारीच खटकली असती.

संग्रहालय, अभिलेखागार, जुनं ग्रंथालय, एखाद्या घराण्याचं दफ्तर, कुठेही सुरक्षेची चर्चा कॅमेऱ्यापासून सुरू होते आणि कॅमेऱ्यावरच संपते. मला ही दिशाच चुकीची वाटते. रात्री कुलूप फोडून येणारा चोर सकाळी कळतो. आतला माणूस किंवा रोजचा अभ्यासक वस्तू नेतो तेव्हा काहीच फुटत नाही. वस्तू जाणं आणि ती गेल्याचं कळणं यांत महिने जातात, वर्षं जातात, आणि तेवढ्या अवधीत ती विकली जाते. कॅमेऱ्याचं चित्रण सहसा महिनाभराने पुसलं जातं. तीन वर्षांनी उघडकीला आलेल्या चोरीत ते काय दाखवणार? म्हणून आधी हे अंतर कमी करायला हवं.

ते किती लांबतं याचे दाखले मोठमोठ्या संस्थांत आहेत. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीचं १९९१ मध्ये मूल्यांकन झालं, पुढचं थेट २०१७ मध्ये. मधल्या काळात त्या खोलीचा सांभाळ करणाराच एका पुस्तकविक्रेत्याला हाताशी धरून नकाशे, चित्रपानं, आख्खी पुस्तकं बाहेर काढत होता. नुकसान सुमारे ८० लाख डॉलर. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात हस्तलिखित विभागाचा प्रमुखच १९९५ ते २००४ दुर्मिळ ग्रंथ नेत होता, आणि ग्रंथासोबत सूचीतलं कार्डही काढत होता. ग्रंथही नाही, नोंदही नाही, मग हरवलं काय? लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलं की भांडारातल्या वस्तू गहाळ झाल्या आहेत, चोरीला गेल्या आहेत किंवा मोडल्या आहेत. आकडा सुमारे २००० पर्यंत गेला. बहुतेक कोरीव खडे आणि लहान दागिने, त्यांतल्या बऱ्याच वस्तूंची नीट नोंदच नव्हती. एका व्यापाऱ्याने २०२१ मध्येच इशारा दिला होता आणि सगळं जागेवर आहे असं उत्तर त्याला मिळालं होतं.

पहिल्या दोन ठिकाणी कुंपणानेच शेत खाल्लं, तिसऱ्या ठिकाणी संशय आतल्याच माणसावर गेला. पण नुसता माणूस वाईट निघाला म्हणून हे घडलं नाही. वस्तू, तिची किल्ली आणि तिची नोंद एकाच हातात होती. आणि दुसरं कोणी कधी मोजायला आलं नाही.

तेव्हा पहिला नियम साधा आहे. संस्थेत आलेली प्रत्येक वस्तू क्रमांक देऊन जिच्यात लिहितात ती दाखल नोंदवही. ज्याच्या ताब्यात वस्तू, त्याच्या ताब्यात ही वही नको. नोंदवही बांधीव हवी, सुट्या पानांची नको. पानांवर छापील क्रमांक हवेत, आणि पहिल्या पानावर एकूण पानं किती हे लिहून दोघांच्या सह्या. खाडाखोड नाही. चुकलं तर एक रेघ, बाजूला सही आणि तारीख. वर्षातून एकदा आख्ख्या नोंदवहीचं स्कॅन करून एक प्रत संस्थेबाहेर, विश्वस्तांकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. संगणकावर यादी असेल तर नोंद पुसण्याचा अधिकार भांडार सांभाळणाऱ्याला देऊ नये. त्याने नवी माहिती भरावी, जुनी पुसू नये.

दुसरं म्हणजे मोजणी. वर्षातून एकदा सगळा संग्रह मोजू, असं ठरवणाऱ्या संस्था बहुधा कधीच मोजत नाहीत, कारण ते काम डोंगराएवढं वाटतं. त्यापेक्षा दर महिन्याला ५० वस्तू काढाव्यात. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाकडून दाखल क्रमांक घ्यावेत. ते निवडणारा माणूस भांडाराचा नसावा आणि यादी आदल्या दिवशी फुटू नये. दोघांनी जाऊन प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष पाहायची. पेटीवरचं लेबल वाचून बरोबरची खूण करायची नाही. पेटी उघडायची.

५० ने काय होणार, असं वाटेल. समजा १०,००० वस्तूंमधून ५० गेल्या आहेत. एका महिन्याच्या तपासणीत त्यांतली एखादी तरी हाती लागण्याची शक्यता सुमारे २२ टक्के. पण वर्षभरात ६०० वस्तू होतात, आणि शक्यता जाते ९५ टक्क्यांवर. दोन माणसांचं महिन्यातून एक दुपारचं काम आहे हे. सव्वीस वर्षांचं अंतर एका वर्षावर येतं.

ही तपासणी उलटीही करावी. नोंदवहीतून फडताळाकडे गेलं की गहाळ वस्तू कळते. फडताळावरून हाताला येईल ती वस्तू घेऊन नोंदवहीकडे गेलं की नोंद नसलेली वस्तू कळते. चोराला सगळ्यात सोयीची हीच दुसरी जात. देणगीत आलेलं, पंधरा वर्षं पोत्यात बांधून ठेवलेलं खोकं गेलं तर ते होतं हे सिद्ध कसं करणार? सविस्तर नोंदीला वेळ नसेल तर निदान आल्या दिवशी खोकं उघडून वस्तू मोजाव्यात, एका फोटोत दहा-पंधरा वस्तू मावतील असे फोटो काढावेत, खोक्याला तात्पुरता क्रमांक द्यावा आणि क्रमांकाच्या प्लॅस्टिक सीलने ते बंद करावं. सीलचा क्रमांक नोंदवहीत.

नाण्यांबद्दल जरा थांबून लिहायला हवं, कारण तिथे मोजणी पुरत नाही. नाणं नाहीसं होत नाही, बदललं जातं. खाच भरलेली, संख्या बरोबर, आणि अस्सल होनाच्या जागी ओतीव नक्कल. नोंदीत ‘चांदीचा रुपया, १ नग’ एवढंच लिहिलं असेल तर तपासनीस काय ओळखणार? प्रत्येक नाण्याचं वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये, दोन्ही बाजूंचे मोजपट्टीसह फोटो, आणि छाप्यांचा अक्ष. अक्ष म्हणजे नाणं उभ्या अक्षावर फिरवल्यावर मागच्या बाजूचा माथा घड्याळाच्या कोणत्या आकड्याकडे येतो ते. वजन, व्यास, काठ आणि अक्ष चारही जुळवणं नक्कल करणाऱ्याला अवघड जातं. अस्सल नाण्यावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल थंड होताना आकसते, त्यामुळे व्यास किंचित कमी भरतो. काठावर साच्याची रेघ किंवा ती घासल्याची खूण राहते, भिंगातून पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात. शिवराईसारख्या तांब्याच्या नाण्यांची वजनं मुळातच कमीजास्त असतात, म्हणून ‘शिवराईचं वजन साधारण एवढं’ असं लिहून भागत नाही. त्या एका नाण्याचं वजन लिहावं लागतं. ०.०१ ग्रॅमचा काटा काही हजारांत मिळतो. नाणेसंग्रह असलेल्या प्रत्येक संस्थेत तो असलाच पाहिजे.

किल्ल्या. भांडाराला दोन वेगळी कुलपं, दोन वेगळ्या माणसांकडे, जशी सरकारी कोषागारात असतात. एकट्याने भांडारात जायचं नाही, अध्यक्षांनीही नाही. किल्ली घरी न्यायची नाही, संध्याकाळी ती संस्थेच्या किल्लीपेटीत जाते आणि वहीत वेळ पडते. जादा किल्ल्या लखोट्यात, जोडावर दोघांच्या सह्या. किल्ली हरवली तर दुसरी किल्ली करून घेणं ही चूक आहे, कारण पहिली कुठे तरी आहेच. कुलूपच बदलायचं. आणि सुटी. सांभाळ करणाऱ्याने वर्षातून सलग दोन आठवडे सुटीवर जावं आणि त्या काळात दुसऱ्याने ते काम खरोखर करावं. बँकांमध्ये हा शिरस्ता आहे. कधीच सुटी न घेणारा, आपल्याशिवाय कोणाला पेटीला हात लावू न देणारा, मोजणीचं नाव काढलं की कारणं सांगणारा माणूस फार निष्ठावान असू शकतो, बहुधा असतोही. पण त्याच्या निष्ठेवर संस्थेचा कारभार चालू नये.

इथे कोणी म्हणेल, वीस वर्षं राबलेल्या माणसाच्या पिशवीत बघायचं, हा अपमान नाही का? फक्त शिपायाची पिशवी बघितली तर नक्कीच अपमान आहे. दारावरची तपासणी संचालकांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांची झाली पाहिजे, रोज आणि एकाच पद्धतीने. आपल्याकडे वस्तू गेली की पहिला संशय सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर जातो, आणि नोंदच नसल्यामुळे त्याला स्वतःला निर्दोष ठरवता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे अशा वेळी अक्षरशः खरं होतं. किल्लीची वही आणि दोघांच्या सह्या प्रामाणिक माणसाच्या कामी येतात.

आता वाचनकक्ष. मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला दफ्तराचा गठ्ठा, घेऊ. रुमालात पुडकी, पुडक्यात सुटे कागद, काही चार बोटं रुंदीचे, काही जोड देऊन हातभर लांब केलेले. विकाऊ असतो तो शिक्क्याचा कागद किंवा नाव असलेल्या माणसाच्या हातचं पत्र. बाकी हिशेबाच्या यादी कोणी नेत नाही. पुडक्यातून असा एक कागद गेला तर पुडकं तसूभरही बारीक दिसत नाही. म्हणून वाचकाच्या हाती देण्याआधी कागदांवर क्रमांक हवेत. मऊ शिशाची पेन्सिल, २बी, पाठीमागच्या वरच्या कोपऱ्यात, नेहमी त्याच जागी, बारीक अक्षरात. पुडक्याच्या वेष्टनावर एकूण संख्या. शिक्का किंवा मोर्तब असलेल्या कागदांचे क्रमांक वेगळे लिहून ठेवावेत. परतीच्या वेळी सगळे मोजायला सवड नसेल तर निदान तेवढे पाहता येतात. मालकीचा शिक्का मारायचा तर मजकुराच्या जवळ पण मजकुरावर नाही, आणि साध्या स्टँप-पॅडच्या शाईने नाही. ती पाण्याने फुटते, कागदात पसरते आणि धुताही येते. अभिलेखांसाठी मिळणारी टिकाऊ शाईच वापरावी.

एका वेळी एकच पुडकं. देताना वाचकासमोर मोजायचं, घेताना वाचकासमोर मोजायचं. वाचकाने टेबलावरून उठण्याआधी, ओळखपत्र परत देण्याआधी. ‘ठेवा तिकडे, नंतर बघतो’ हे वाक्य वाचनकक्षातून हद्दपार झालं पाहिजे, कारण ‘नंतर’ला जबाबदार माणूस उरत नाही. क्रमांक न पडलेलं पुडकं द्यावंच लागलं तर समोर बसून द्यावं आणि आधी-नंतर वजन करावं. ०.१ ग्रॅमचा काटा पुरतो. मात्र वजनाच्या भरवशावर फार राहू नये. कागद हवेतला ओलावा शोषतो. एक किलोच्या गठ्ठ्यात ओलावा एक टक्क्याने वाढला तर वजन दहा ग्रॅमने वाढतं, म्हणजे जाडसर हातकागदाची एक-दोन पानं सहज झाकली जातात. वजन त्याच दिवशीचं, त्याच खोलीतलं आणि लहान पुडक्याचं असेल तरच काही सांगतं. जानेवारीतलं वजन जुलैत कामाचं नाही.

बॅग, छत्री, जाड जाकीट, फाइल बाहेर. शाल असेल तर घडी करून खुर्चीच्या पाठीवर, मांडीवर नाही. आत पेन्सिल, सुटे कोरे कागद, पारदर्शक पिशवी. लॅपटॉप बाहेर नेताना उघडून दाखवायचा, कारण पडदा आणि कळफलक यांच्यामध्ये कागद छान बसतो. टेबलं अशी मांडावीत की वाचकाचे हात कर्मचाऱ्याला दिसतील. बहुतेक ठिकाणी वाचक भिंतीकडे तोंड करून बसलेले दिसतात आणि कर्मचाऱ्याला त्यांची पाठ दिसते. टेबल फिरवायला खर्च येत नाही.

बांधीव ग्रंथाचं पान ब्लेडने कापलेलं असेल तर शिवणीजवळ सरळ काठाची अरुंद पट्टी उरते, आणि बरेचदा मागच्या पानावर पात्याची बारीक रेघ उमटते. काठ फुगीर, तंतू सुटलेला आणि पाण्याचा अस्पष्ट डाग असलेला दिसला, तर पान ओलं करून फाडलंय असं समजावं. परतीच्या वेळी नकाशे आणि चित्रं असलेल्या पानांशी ग्रंथ उघडून शिवण बघायची सवय लावावी.

ओळखीच्या माणसाला सूट, ही वाचनकक्षाची सगळ्यात मोठी भेग आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ८ जून २००५ रोजी पकडला गेलेला नकाशाचोर नामवंत व्यापारी होता, ग्रंथालयांत त्याला मान होता. तिथल्या एका कर्मचारी बाईंना जमिनीवर ब्लेडचं पातं दिसलं, म्हणून तो सापडला. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याचं कबूल केलं, आणि त्यांतले बरेच नकाशे गेल्याचा संस्थांना पत्ताही नव्हता. बाल्टिमोरला २०११ मध्ये पकडलेला माणूस कर्मचाऱ्यांसाठी कपकेक आणायचा. त्याच्या कोटांना आतून खोल खिसे शिवलेले निघाले. आपल्याकडे कपकेकच्या जागी पेढ्यांचा बॉक्स येतो, मोठ्या माणसाची चिठ्ठी येते, ‘सर आपलेच आहेत’ हे वाक्य येतं. सरांचाही रुमाल मोजायचा. खरा अभ्यासक याला कधी हरकत घेत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

मागणीच्या चिठ्ठ्या तीन वर्षांनी रद्दीत देऊ नयेत. कोणता कागद कोणी, कधी पाहिला याचा तोच एक पुरावा असतो. स्कॅन करून कायम ठेवाव्यात.

स्कॅनिंगवरून आठवलं. कागदपत्रांचं डिजिटायझेशन झालं की मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि मालकीचा पुरावा तयार होतो, हे खरंच. पण त्यानंतर मूळ कागद कोणी मागतच नाही, आणि वाचकाने मागितल्यावर ‘सापडत नाही’ म्हणून होणारी आपोआप तपासणी थांबते. त्यामुळे स्कॅन झालेलं पुडकं महिन्याच्या चिठ्ठ्यांमधून वगळू नये.

दालनांत गोष्टी सोप्या आहेत. प्रत्येक काचपेटीचा समोरून फोटो, खाली वस्तूंची संख्या, ए४ आकारात लॅमिनेट करून पहारेकऱ्याकडे. उघडताना, दुपारी आणि बंद करताना फोटोशी ताडून बघायचं. एका पेटीला वीस सेकंद पुरतात. वस्तू काढून उरलेल्या सारख्या पसरून ठेवल्या तर नुसत्या डोळ्यांना खिंडार दिसत नाही, फोटोत दिसतं. दुरुस्तीला किंवा फोटोला नेलेल्या वस्तूच्या जागी ठरलेल्या रंगाची, क्रमांक असलेली चिठ्ठी, तिच्यावर परत येण्याची तारीख. तारीख उलटली की विचारणा. साध्या कागदावर ‘दुरुस्तीसाठी काढली आहे’ असं कोणीही लिहू शकतं.

जुन्या लाकडी पेट्या मात्र जवळून बघा. काच धरणारी लाकडी पट्टी बऱ्याच पेट्यांत बाहेरून चुका मारून बसवलेली असते. कुलूप कितीही भारी असो, पट्टी उचकटली की काच अख्खी निघते आणि परत बसवताही येते. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेर असतील तर तीच गत. पट्टी आतून घ्यावी, बिजागरी आत न्यावी किंवा एकाच दिशेने फिरणारे स्क्रू लावावेत. सुताराचं एका दिवसाचं काम आहे.

बंद करतानाची फेरी दोघांनी, सगळ्यात आतल्या दालनापासून दाराकडे यावं, प्रत्येक दालन पाहून लगेच कुलूप. स्वच्छतागृहं, जिन्याखालची जागा, पडद्यामागे, साहित्याची खोली. आत आलेले आणि बाहेर गेलेले मोजायला हातातलं मोजयंत्र लागतं, बास. सप्टेंबर २०२४ मध्ये भोपाळच्या राज्य संग्रहालयात एक जण तिकीट काढून रविवारी आत शिरला आणि बंद होताना आतच लपून राहिला. सोमवारी सुटी. मंगळवारी तो पकडला गेला, तेव्हा त्याच्याजवळ सोन्याची नाणी होती. भिंत चढून जाताना तो पडला आणि जखमी झाला, म्हणून नाणी वाचली. लूव्रचा सोमवार आणि हा सोमवार यांत एकशे तेरा वर्षांचं अंतर आहे. सुटीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ फोटोशी ताडून फेरी हवीच.

सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन, वाळवीचं औषध मारणारे आत असतात तेव्हा संस्थेचा माणूस पूर्णवेळ सोबत हवा, आणि काम सुरू होण्याआधी त्या खोलीतल्या लहान वस्तू हलवलेल्या हव्यात. स्थलांतराच्या वेळी प्रत्येक खोक्याची यादी तीन प्रतींत, एक खोक्यात, एक कार्यालयात, एक पोचवणाऱ्याकडे. इमारतीच्या दुरुस्तीच्या काळात इतक्या वस्तू जागेवर नसतात की नसण्याचं कोणाला काही वाटेनासं होतं.

आणि तरीही वस्तू जागेवर नसली तर? पहिला तास शोधाशोधीत घालवताना काही उचलू-आवरू नये. खोली बंद करावी, वेळ लिहावी, हालचालीच्या चिठ्ठ्या आणि किल्लीची वही ताब्यात घ्यावी, कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी वेगळं उतरवून ठेवावं. चिठ्ठ्यांमध्ये ती सापडली नाही तर पोलिसांत तक्रार त्याच दिवशी, फोटो, मापं, वजन, लेख, तुटफूट यांसह. ‘प्राचीन मूर्ती, अंदाजे एक फूट’ एवढ्यावर कोणी काही शोधू शकत नाही. डाव्या कानाचा टवका उडालाय, पाठीवर दाखल क्रमांक पांढऱ्या रंगात आहे, हे लागतं. मूर्ती, चित्र, हस्तलिखित असेल तर सीबीआयमार्फत इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत ती घालण्याचा आग्रह पोलिसांकडे धरावा. नाणी आणि पोथ्यांचे व्यापारी, लिलाव करणारे यांना फोटो पाठवावेत. बदनामी होईल म्हणून गप्प बसणाऱ्या संस्था विकणाऱ्याचंच काम सोपं करतात. प्रामाणिक व्यापाऱ्याला ती वस्तू चोरीची आहे हे कळायला दुसरा मार्गच नसतो.

वस्तू परत मिळाली तरी ती सरळ जागेवर ठेवू नये. पुन्हा फोटो, पुन्हा वजन, जुन्या नोंदीशी ताळा. नोंदवहीतली ‘गहाळ’ ही नोंद खोडायची नाही. तिच्याखाली तारीख घालून ‘परत मिळाली’ असं लिहायचं, कोणाकडून आणि कोणत्या स्थितीत तेही, आणि दोघांनी सही करायची.